तीन बाद कड्या

साकीनाक्याच्या आमच्या गल्लीत
कालपासून बॅनर लागलाय :
'अवकाश दुर्बिणीस उड्डाणाच्या हार्दिक शुभेच्छा!'
वर नगरसेवक, खाली त्याचे भाचे,
दुर्बीण कोपऱ्यात, लिंबाएवढी,
आणि तीही भलतीच,
जहाजावरचे कप्तान डोळ्याला लावतात तसली.

हे सगळं माझ्यामुळे.
म्हणजे धनसुखभाईंमुळे. त्यांनी चहावाल्याला सांगितलं,
चहावाल्यानं गल्लीला,
की त्या दुर्बिणीत बेचाळीस कड्या आहेत टायटॅनियमच्या,
सगळ्या आपल्या गाळा नंबर नऊच्या लेथवर उतरलेल्या.

बेचाळीस नाही, एकोणचाळीस.
तीन बाद झाल्या.
हे मी कुणाला सांगितलं नाही.

गेल्या वर्षी अकरा दिवस गाळ्यात एसी होता, भाड्याचा.
वीस वर्षांत पंख्याचं पातं बदलायला शेठना सवड झाली नव्हती,
पण टायटॅनियमला उकडून चालत नाही.
इद्रिस डबा तिथंच खायचा, दार लावून,
म्हणायचा, उस्ताद, इतक्यात संपवू नका जॉब.
मी श्वास धरून टूल लावायचो.
कीस निघायचा निळसर, कुरळा,
ठिणगी पडली तर पेटणारा,
म्हणून पायाशी वाळूची बादली.
तीन वेळा मायक्रोमीटर म्हणाला : दोन मायक्रॉन जास्त.
डोक्यावरचा एक केस उभा चिरा, पस्तीस चिरोट्या करा,
त्यातली एक.

कड्या कशासाठी, ते कागदावर नव्हतं.
ड्रॉइंगवर नुसता नंबर.
त्या खरंच वर चालल्यात
की राहिल्यात खालीच, कुठल्याशा चाचणीच्या सांगाड्यात,
तेही मला ठाऊक नाही.
शेठना विचारलं तर म्हणाले, बिल पास झालं ना?

रात्री अख्खी गल्ली गाळ्यासमोर.
गणपतीतला प्रोजेक्टर, पडद्याच्या जागी शटर,
पट्ट्यापट्ट्यांवर रॉकेट आडवं चिरलेलं.
प्रेसवाले, प्लास्टिकवाले, जरीकामाच्या बायका,
खुर्ची मात्र एकट्या शालनला,
'मिस्त्रींच्या मिसेस' म्हणून.

एक मिनिट अठरा सेकंदांवर आकडा थांबला.
वारा आहे, म्हणे.
वीस मिनिटं कुणी जागचं हललं नाही.
भजी गार झाली. कुणाचं तरी पोर झोपलं.
रामसजीवन किटली खाली ठेवून हळूच विचारतो,
आपल्या कडीचं काही नाही ना?

खरं सांगतो,
माझ्या पोटात तिनाच्या चार झाल्या.
सदतिसावी. शेवटचा दिवस, संध्याकाळचे पाच,
मी ती दोनदा मोजली होती
की एकदाच?

मग आकडा पुन्हा चालू लागला.
दहापासून गल्लीनं मोजलं, ज्याच्या त्याच्या भाषेत,
शून्यावर सगळे एकत्र पोचले.
शटर पांढरंफेक.
इद्रिसनं मला उचललं, मी चौऱ्याऐंशी किलो.
फटाके, बेंजो,
नगरसेवक आला, उशिरा, आणि माईक मागू लागला.

स्वरांगी वर बघत होती.
"बाबा, दिसत का नाही?"
अगं, ते इथून उडालं नाही, शेकडो कोस लांब.
"मग निदान चांदण्या?"
मी खिशातली कडी तिच्या हातावर ठेवली.
एक डोळा मिटून ती बघत राहिली,
रुपयाएवढं आभाळ, राखाडी.
मग त्यात एक दिवा आला, मोठा, चालता.
"ती बघा!" ती ओरडली,
आणि गल्ली ओरडली, तीच! तीच!
बायकांनी हात जोडले.
साडेनऊचं विमान
चाकं काढून धावपट्टीकडे उतरत होतं.
इथं रोज उतरतं. सगळ्यांना माहीत आहे.
मी काही बोललो नाही.

दुसरी कडी शालनच्या किल्ल्यांना आहे.
तिसरी मापांच्या डब्यात, तेलाच्या कागदात.

आज पंपाचे बुश आहेत, दोनशे नग.
पन्नास मायक्रॉन इकडेतिकडे चालतं त्यांना.
एसी केव्हाच परत गेला.
सदतिसावा मी तरी दोनदा मोजला.